बहुधा

इब्र्याहून आलेला कागद. हिवाळा, सन त्र्याऐंशी.
चार पानं पट्टीसारखी, एक दांडा,
त्यावर सात फुलं, एकाच बाजूला मान टाकलेली,
आणि खाली उभा चिरलेला कंद.
घरी बुक्कीनं फोडतात तसा नव्हे,
सुरीनं, पापुद्रे मोजता यावेत असा.

माझं काम गोंदाचं.
मस्कतच्या या थंड खोलीत अकरा वर्षं
सुटलेली पानं पुन्हा जागेवर बसवतो.

कुळाच्या रकान्यात तीन हातांची अक्षरं.
आधी लिली. ते खोडून हायसिंथ.
मग डॉक्टर झुवैनांच्या हिरव्या शाईत : शतावरी.
मी विचारलं, हिच्यात काय बदललं?
म्हणाल्या, काही नाही, मुबीन. ती सुकलेलीच आहे.

माझेही तीन रकाने झाले.
आधी मिस्त्री, मग कफील बदलून वॉचमन,
मग इथं सहायक.
बताक्यावरचा फोटो अजून मिस्त्र्याचाच.

आमच्या राजापुरात कूळ म्हणजे
दुसऱ्याची जमीन कसणारा.
आज्याचं नाव एकदा त्या रकान्यात लागलं
आणि सड्याखालचा तुकडा आमचा झाला.
तेवढ्यानं. एका तलाठ्याच्या अक्षरानं.
जातीचा रकाना मात्र इथं कोराच,
पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह सोडलं तर.

दर फेब्रुवारीत आम्ही शोधायला जातो.
लेबल सांगतं : वादीचा डावा काठ,
सिद्राच्या झाडापासून चाळीस पावलं.
सिद्र आहे.
चाळिसाव्या पावलावर टायरचं दुकान आहे.
डॉक्टर परत फिरतात, लांब टांगा टाकत पुन्हा मोजतात,
गोळा करणारा उंच असेल म्हणून.
दुकानातला पोरगा विचारतो, हवा भरायची का?

यंदा बुधवार होता, बायकांचा बाजार.
शम्सा नावाची एक म्हातारी, समोर लोबानाच्या पुड्या,
तिला फोटो दाखवला.
बुसैल! ती म्हणाली, जणू शेजारीण भेटली.
तीन पाण्यांत उकळायचा, कडू फार.
चौथ्या पाण्याला पोरांना द्यायचा,
ज्या साली खजूर धरला नाही, त्या साली.
आणि फूल? डॉक्टरांनी वही उघडली. रंग कसा होता?
शम्सा हसली.
फुलापर्यंत कोण थांबलंय, बाई?

वहीत काहीच लिहिलं गेलं नाही.
परतताना गाडीत कुणी बोललं नाही,
एसीतून नुसती धूळ येत होती.

यादीत शेवटी एक शब्द भरावा लागतो.
नामशेष लिहायला डॉक्टरांचा हात उचलेना.
त्याच्या आधी त्यांनी 'बहुधा' घातलं.
हा शब्द माझ्या ओळखीचा.
दर शुक्रवारी फोनवर तोच देतो मी घरी :
डिसेंबरात येईन.

कागदाच्या कोपऱ्यात एक पाकीट चिकटवलेलं आहे.
सात बिया होत्या, काळ्या, चपट्या.
पाच पेरल्या. उगवल्या नाहीत.
दोन ठेवल्या, पुरावा म्हणून.

दिवे घालवण्याआधी कधीतरी
पाकीट कानाशी धरून हलवतो.
आवाज येतो.
दोघींचा येतो की एकीचाच,
ते मात्र कळत नाही.