तंगूस

पहिल्या दिवशी हुसेनचाचांनी
काचेला हातच लावू दिला नाही.
भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभं केलं,
म्हणाले, वारा कुठला?
मी म्हटलं, समुद्रावरचा.
ते कुत्र्यालाही कळतं. ओला की कोरडा?

मग गोडं पाणी. आधी नुसतं गोडं पाणी, वरून खाली.
मीठ रगडायचं नाही, विरघळू द्यायचं,
नाहीतर ओरखडे राहतात
लॉजमालकाच्या शिव्यांपेक्षा जास्त वर्षं.
बोअरच्या पाण्याचे डाग हटले नाहीत
तर आमसुलं भिजवलेलं पाणी, फडक्याच्या टोकाने.
साबण शेवटी, आणि कंजूषपणे.

तिसऱ्या मजल्यावर माझ्या हातून वायपर सुटला.
खाली जांभ्याच्या पायरीवर दोन तुकडे,
चाचांपासून हातभर लांब.
आता ओरडतील म्हणून मी डोळे मिटले.
दोरी हळूहळू सैल झाली, पाय जमिनीला लागले.
त्यांनी खिशातून तंगूस काढलं, दाताने तोडलं,
माझ्या मनगटाला बांधत विचारलं,
जेवलास?

आता चाचा मिरकरवाड्यात घरीच असतात.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात,
काचच ती, पुसून घेईन.

सोमवारी राजापूरहून नवा पोरगा आला, विराज तरळ.
वारा विचारला.
म्हणाला, ओला आहे, थांबू या थोडं.
वायपर त्याने घरूनच बांधून आणलेला,
बुटाच्या लेसने.
दिवसभर काही म्हणता काही सुटलं नाही त्याच्या हातून.
मी खाली पायरीवर, मान वर करून,
खिशातलं तंगूस
बोटाभोवती गुंडाळत, सोडत.