केसपेपर

नायरच्या खिडकीवर, रात्री अडीच.
तांडेलबाई विचारतात, पेशंटचं नाव?
शालन.
वय? त्रेसष्ट.
धर्म?
नाही. तिलाही, मलाही.

"म्हणजे नास्तिक. मग तेच लिहिते,
तोही धर्मच की एक."
बाई, आम्ही कुत्रा पाळलेला नाही.
त्या न पाळलेल्या कुत्र्याचं
नाव काय सांगू?

त्या हसल्या नाहीत.
"घरातलं कुणी गेलं का अवेळी?
म्हणून रुसलात देवावर?"
गेले. सगळ्यांचे जातात तसे.
रुसायला समोर कुणी लागतं.

"मग भीती नाही वाटत तुम्हाला?"

वाटते.
आत्ता वाटतेय, गुडघ्यांत.
फक्त हे हात कुठे ठेवायचे
ते कळत नाही.
मघापासून तिची चप्पल धरून उभा आहे,
एकच. दुसरी टॅक्सीत राहिली.

कंप्युटर रिकामा रकाना घेत नाही.
बाईंनी 'इतर' दाबलं,
कागद सरकवला,
आणि मान वर न करता म्हणाल्या,
"एकवीरेला सांगते मी.
तुमच्या वतीनं नाही हां, माझ्या."

मी नको म्हटलं नाही.
सुटे दहा रुपये दिले
आणि जिना चढलो
चप्पल घेऊन.