बोटांची टोपणं

नंदुरबारच्या पथारीवर
देठ खुडून खुडून
मोगराबाई वळवीची बोटं रात्रभर जळायची,
ताकात बुडवली तरी.
पोर डोळे चोळत आलं
की हात पाठीमागे न्यायची.

अयूब पंक्चरवाल्याकडची फाटकी ट्यूब
कापली, सोल्युशनने चिकटवली:
बोटांना टोपणं.
पहिली दोन सुटली, घाम आत शिरला,
तिसऱ्या खेपेची टिकली.

आता मंगळवारच्या बाजारात
वीस रुपयांत दोन्ही हात विकते ती.

मुकादम म्हणाला, आता पोळत नाही ना,
मग किलोमागे आठ आणे कमी.
‘मंग तू खुडी देख ना भाऊ,
बिगर टोपणना.’
बायका हसल्या, मग खोकल्या.
मिरचीत हसणं महाग पडतं.

दर अजून ठरायचाय.
रात्री टोपणं खुंटीला,
आणि उघड्या करंगळीने ती
पोराच्या डोळ्यात काजळ घालते.