ऊ

जयगडच्या जेटीमागे, बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर
हमदुलेचाचा मला फारसी शिकवतात.
बारा वर्षं बंदर अब्बासला टगवर होते.
वही मासळीच्या हिशेबाची,
उजवीकडून लिहायचं म्हणून पालथी करून मागून उघडलेली.
मला कशाला हवी ही भाषा, ते त्यांनी विचारलं नाही.

मन माही रा खरीदम.
मी मासळी घेतली.
क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच:
आधी सगळा माल होडीत, मग नांगर वर.
आणि हा ‘रा’?
“मासळी ठरलेली असली की लागतो.
कुठलीतरी मासळी, रा नको.
परवा तू उधारीवर नेलीस ती सुरमई, तिला रा.”

दर्या, बंदर, हवा, लंगर मी पाठ केलेच नाहीत.
ते कधीच इथे उतरले होते
आणि परतीचं गलबत त्यांनी चुकवलं.

मधला ‘ये’ मात्र हातातून निसटतो.
दर्या-ये आराम. मी लिहिलं, दर्याची विश्रांती.
चाचा खोकला येईपर्यंत हसले.
“शांत दर्या, बाय. शांत.”

मग, ऊ नियामद.
ऊ म्हणजे तो?
“तो. ती पण. तिकडे फरक नाही करत.”
पण मराठी तर अडून बसते, आला की आली
ते सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही.
मी दोन ओळी केल्या:
तो आला नाही.
ती आली नाही.

चाचांनी माझ्या हातातलं पेन घेतलं,
पहिली ओळ खोडली,
टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

“जा,” म्हणाले, “तुझा बर्फ वितळतोय.”