मूडूला खोकला

चार राण्या चार ठिकाणी खुपसायच्या,
कॅट एकदा काटायची
आणि चारी वर.
इराबत्ती मास्तरांनी हा खेळ मला शिकवला
अशोक चौकामागच्या कारखान्यात, दुसरी पाळी सुटल्यावर,
चादरींच्या गठ्ठ्यावर पत्ते मांडून.

राण्या ते तेलुगूत मोजायचे : ओकटी, रेंडू, मूडू.
मूडूला खोकायचे.
लोक तोंडाकडे बघायचे, तेवढ्यात
करंगळी आपलं काम उरकायची.
मीही खोकायला शिकलो. वहीत लिहून ठेवलं :
मूडू, खोकला, करंगळी.
आठ वर्षं मला ती युक्तीच वाटली.

तो कापूस होता.
तीस वर्षं मागावरून छातीत उतरलेला.
डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला तेव्हा कळलं.

आता माझी करंगळी त्यांच्याहून चपळ आहे,
आडोसा लागत नाही.
यंदाच्या गड्ड्याला न खोकता केला खेळ.
स्वच्छ. टाळ्या पडल्या.
पुढ्यात बसलेली विड्या वळणारी एक बाई,
नखांत तंबाखूची भुकटी,
तेवढी म्हणाली,
"काय रे, घसा बरा झाला का तुझा?
मास्तर कसं हायत?"

काय सांगणार. कॅट पिसत राहिलो.

हल्ली मूडूला मी नुसता थांबतो.
करंगळीचं काम आधीच झालेलं असतं.
लोक तरी उगाच तोंडाकडे बघतात,
मी बघू देतो.