सत्तर पानं

दमा हाय, पुरी झोप नाही द्यायची म्हने.
डॉक्टरीनबाईनं मनक्याजवळ सुई टोचली,
सहा ठिकानी.
मंग बर्फ फिरवला: "गार लागते?"
नाही.
"बोलत राहा, रायवंताबाई."
काय बोलू?
मी तेंदूची पानं मोजाले लागली.

हिरव्या पडद्यापल्याड कोनी ओढत होतं.
ओढ समजे, दुखनं नाही,
भिंतीपल्याड शेजारनीचं जातं फिरावं तसं.
अडतीसवर नर्सनं घाम पुसला.
एकावनचं पान फाटकं, फेकलं.
सत्तर झाली, पुडा भरला,
म्या म्हनलं, आता गाठ मारा.
"गाठ निघाली, बाई."

रात्री बधिरपना उतरला.
हात आपसूक तिकडं गेला,
पट्टीवर थांबला.
एक.
दोन.