मध्यम

पत्रकात लिहिलं होतं, सफर मध्यम.
सोपी नाही, अवघडही नाही.
तीन दिवस, तीन डोंगरी गावं:
लडलो, बिशप्स कासल, माँटगोमेरी.
सामान व्हॅनमधून पुढे जाईल,
आपण फक्त स्वतःला न्यायचं.

मला हसू आलं.
मध्यम म्हणजे मीच की,
शरयू आणि वीणा यांच्या मधली.
फलटणला तांबोळ्याच्या दुकानातून
चार आण्यांत तासभर सायकल मिळायची.
शरयू चालवायची, मग वीणा शिकायची,
मी सीट धरून मागे पळायची.
माझी पाळी येईपर्यंत
तास संपलेला असायचा.

सायकल शिकले सत्तेचाळिसाव्या वर्षी,
टेलफर्डच्या सुपरमार्केटमागे, रविवारी,
ट्रॉल्यांच्या रांगा सोडल्या
तर बघायला कुणी नव्हतं.

लडलोहून निघालो तेव्हा धुकं किल्ल्याच्या कमरेपर्यंत.
एलुनेड पुढे. औषधांच्या काउंटरवर
अकरा वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलेली,
आज पहिल्यांदा तिची पाठ बघते आहे.
क्लनच्या चिंचोळ्या पुलावर
चालणाऱ्यांनी गाडीसाठी अंग चोरायला
दगडी कोनाडे ठेवलेत.
एकात उभी राहून मी केळं खाल्लं.
ट्रॅक्टर गेला. ड्रायव्हरने एक बोट उचललं,
इथला नमस्कार एवढाच.

दुपारी बिशप्स कासल.
किल्ला नावात आहे, गावात जवळजवळ नाही.
तळाला चर्च, माथ्यावर टाउन हॉल,
आणि मधे सरळ उभा केलेला रस्ता.
अर्ध्यावर मी घाईने गिअर बदलला
आणि चेन पडली.

एक दार उघडलं.
हातात चिंधी घेऊनच म्हातारा बाहेर आला.
"इथे सगळ्यांचीच पडते," म्हणाला,
"चिंधी दाराशीच ठेवतो."
नाव बेडोज. नखांत जुनं काळं.
बोटाच्या एका हिसक्यात चेन दातांवर बसवली,
जशी आई मुलाचं बटण लावते,
दुसरीकडेच बघत.
मी म्हटलं, आता ढकलत नेते.
"बसा," तो म्हणाला. "मी धरतो."

सोडू नका हं.
नाही सोडत.

हे खोटं मला तोंडपाठ आहे.
कितीदा बोलले आहे मी ते,
धापा टाकत, एका हाताने परकर सावरत.
पण या बाजूने ऐकलं नव्हतं कधी.
टाउन हॉलपाशी पाय टेकून मागे बघितलं
तर तो पार खाली, त्याच्या उंबऱ्यात,
चिंधीला हात पुसत होता.

रात्री वीणाला फोन केला. तिच्याकडे पहाट.
सगळं सांगितलं. ती गप्प.
मग म्हणाली,
"तू सोडायचीस ना, ते मला कळायचं.
तुझ्या चपला वाजायच्या थांबायच्या."
"मग पडली कशी नाहीस?"
"पडले की. दोनदा.
तू तोवर वळून घराकडे निघालेली असायचीस."

हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वाटेत ऑफाचा बांध लागला.
बाराशे वर्षांपूर्वी कुणा राजाने घातलेला,
अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स.
आता मात्र बांध एकीकडे, सरहद्द दुसरीकडे,
मेंढ्या दोन्हीकडे.
एलुनेड म्हणाली, माझे आजोबा पलीकडचे.
मी म्हटलं, आमच्याकडे हातभर बांधासाठी
सख्खे भाऊ कोर्टात जातात.
ती इतकी हसली की उतरावं लागलं.

माँटगोमेरीचा शेवटचा चढ
मी अर्धा चालवला, अर्धा चालले.
सीटच्या मागच्या कडेला बेडोजच्या
चार बोटांचं ग्रीस अजून होतं.
पुसलं नाही. पाऊस बघून घेईल.

गल्ली सपाट झाली तशी मी परत बसले.
आता एलुनेड मागे होती.
तिचे टायर ओल्या पानांवर चरचरत होते.
मी वळून बघितलं नाही,
कान देऊन होते नुसती.